सरकवलेला ठिपका

शिबेनिक, मंगळवार

तीर्थरूप लुक्शामामांस येल्काचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? (दक्षिणेचा वारा सुटला की दुखतो म्हणता. मामी म्हणते, जाळी ओढायची वेळ आली की दुखतो.) इकडे आनंद असा, की आम्हाला पाच राजशिंपले जिवंत सापडले. साथीत आपल्या किनाऱ्यावरचे हे हातभर लांब शिंपले एकजात मेले, तेव्हापासून एखादा जिवंत दिसला तरी आमच्या समुद्रसंशोधन संस्थेत बारसं असल्यासारखी धांदल उडते. मी तर पाण्याखालीच रडले. (पाणबुड्याच्या चष्म्यात रडू नये, डोळे पुसता येत नाहीत.)

आमच्या बाई, डॉक्टर नेव्हेन्का, यांचं म्हणणं असं, की समुद्राची माहिती साऱ्या जगाची. कुठे काय जगतंय, कशाने मरतंय, ते इटलीला, ग्रीसला, सगळ्यांना कळलं तरच उपाय सापडेल. मलाही पटतं. म्हणून तर गेल्या वर्षी एका जिवंत शिंपल्याची जागा आम्ही सगळ्यांसाठी नकाशावर टाकली. जगाने ती मनापासून वाचली. त्याला बघायला इतक्या बोटी आल्या, की एकीचा नांगर नेमका त्याच्यावरच पडला. मग त्याच्या मृत्यूचं कारणही आम्ही सविस्तर प्रसिद्ध केलं. त्याला मात्र फारसे वाचक मिळाले नाहीत.

म्हणून या वेळी बाई म्हणाल्या, "येल्का, तब्येतीची माहिती सगळी खरी दे. फक्त नकाशावरचा ठिपका जरा सरकव."

"जरा म्हणजे किती?"

"नांगराची साखळी पोचणार नाही इतका."

सरकवला. तसं खाली बारीक अक्षरात लिहिलंही. (बारीक अक्षरं शास्त्रज्ञ वाचतात, बोटवाले वाचत नाहीत.) बाकी क्षेम. मामीच्या हातचा अंजिराचा मुरांबा संपला, हे तिला सहज कानावर घाला.

तुमची भाची,
येल्का

ता. क. सरकवलेला ठिपका तुमच्या धक्क्यासमोर पडला आहे. रागावू नका. तिथे चिखलाशिवाय काही नाही, म्हणूनच ती जागा निवडली. पुढच्या महिन्यापासून पाणबुडे येतील, त्यांना मासळीचं कालवण वाढा.

आणखी एक ता. क. (गुरुवार) पाकीट चिकटवण्याआधी खात्री करावी म्हणून काल तुम्ही दोघं बाजारला गेलेले असताना धक्क्याखाली बुडी मारून आले. मामा, तिथे दोन आहेत. जिवंत. हाताचं बोट जवळ नेलं की मिटतात. ठिपका पुन्हा हलवायचा तर बाईंना कारण सांगावं लागेल, आणि सांगितलं की त्या ते प्रसिद्ध करतील. तेव्हा माझ्यासाठी एवढं करा. कुणी विचारलं तर "इथे काही नाही" असं चुकूनही म्हणू नका, लगेच उड्या मारतील. धक्क्याखाली दोन राजशिंपले आहेत आणि मी ते जातीने सांभाळतो, असं छातीवर हात ठेवून सांगा. तुम्ही धरलेल्या माशांच्या गोष्टी साऱ्या किनाऱ्याने ऐकल्या आहेत. कुणी पायसुद्धा ओला करणार नाही.