गोडाच्या पुढचे

मी, विभावरी गुरुदत्त सबनीस, वय सदुसष्ट, राहणार एर्लांगेन, जर्मनी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना माझ्यामागे काय कोणाचे, ते लिहून ठेवत आहे. गुडघे सोडल्यास प्रकृतीची तक्रार नाही. मजकूर अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या हाताने लिहिलेला हवा, भाषा कोणतीही चालेल, असे इथल्या नोटरीने सांगितले, म्हणून मराठीत लिहिते. निहारला त्याचे भाषांतर करून घ्यावे लागेल. त्या निमित्ताने तरी आईने लिहिलेले काही तो शेवटपर्यंत वाचेल.

१. राहते घर, तळघरातली खोली आणि बँकेतली ठेव माझा एकुलता एक मुलगा निहार याला. फ्रँकफर्ट सोडून इथे येणे त्याला जमणार नाही, हे मी जाणते. घर खुशाल विकावे. विकण्याआधी एकदा इथे स्वतः भात लावून जेवावे, एवढीच इच्छा आहे. ही अट नाही.

२. पाटल्या आणि मोत्यांचा तन्मणी सूनबाई ईश्वरीला. पाटल्या मोडून नवे काही केले तरी माझी हरकत नाही. मीही माझ्या सासूबाईंच्या मोडल्या होत्या आणि त्या वर्षभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. ईश्वरीशी अबोला धरायला मी असणार नाही.

३. माझे पती कै. गुरुदत्त (यापुढे त्यांचा उल्लेख ‘हे’ असाच येईल, चाळीस वर्षांत मी दुसरे काही म्हटलेले नाही) यांची अवजारांची पेटी जो ती वापरील त्याला द्यावी. यांची सायकल कोणी शोधू नये. ती मी भंगारात दिली. जानेवारी २००२ मध्ये स्टेशनकडे जाताना ती बर्फावरून घसरली आणि यांचे डोके मागून आपटले. जखम महिन्यात भरली, पण वास कायमचा गेला. डॉक्टर म्हणाले, नाक शाबूत आहे, मेंदूकडे जाणारे धागे तुटलेत. वास गेला की चवही जाते, हे मला तेव्हा कळले. खारट, आंबट, कडू, गोड एवढे उरते. समोर आमटी आहे की सार, हे यांना वाटीत बघून ठरवावे लागे.

४. तळघरातले सहा लहान पेले निहारला. त्यांची हकीकत त्याला माहीत नाही, ती अशी.

हे फार पिणारे नव्हते. वर्षाला एक छोटी बाटली, आइसवाइनची. माइन नदीकाठचे काही मळेवाले थोडी द्राक्षे डिसेंबरपर्यंत वेलीवरच राखतात आणि कडक थंडीत गोठली की तशीच पिळतात. पाणी बर्फ होऊन मागे राहते, दाट गोड रस तेवढा उतरतो. म्हणायला पांढरी वाइन, रंग मधाचा. मी सव्वीस वर्षे त्या पेल्याला हात लावला नाही. हे तो स्वतः विसळत. “दारू ती दारू,” मी म्हणे.

अपघातानंतरच्या दिवाळीत, रविवारी दुपारी, हे स्वयंपाकघरात पेला पुढ्यात घेऊन बसले होते. डोळे भरलेले.

“काय झालं हो?”

“गोड लागतंय. बाकी सगळं कोरं.”

मी पेला उचलला आणि एक घोट घेतला. का, ते आजही सांगता येणार नाही.

“गोड आहे,” मी म्हटले.

“ते मलाही कळतं, विभा. त्याच्या पुढचं सांग.”

मी पुन्हा घोट घेतला, जिभेवर धरला. “तुमच्या आईंचा मोरावळा. बरणीच्या तळाशी राहतो ना, काळपट, तो.”

हे हसले. दहा महिन्यांनी हसले.

मग दर रविवारी जेवणानंतर मी बोटभर वाइन घेई आणि हे डोळे मिटून ऐकत. वर्षाची बाटली आता महिन्याची झाली. सुके अंजीर, सोनचाफा, साखरांबा, कोरी वही. शब्द पुरेनात तेव्हा मी मंडईत जाऊन फळे हुंगू लागले. एकदा सर्दी झाली होती, तेव्हा मी मनानेच काहीतरी सांगितले. “आज तू खोटं बोलतेस,” हे म्हणाले, “बरी झालीस की सांग.” ते सारे मी एका वहीत लिहून ठेवले आहे. चार वर्षांचे रविवार.

५. ती वही माझे धाकटे दीर पद्माकर, राहणार सांगली, यांना. याचे कारण सांगणे मला भाग आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये यांचे हृदय थकले आणि यांना इस्पितळात ठेवले. भाऊजी सांगलीहून आले आणि उशाशी बसून स्तोत्रे म्हणू लागले. भाऊजींचे सोवळे कडक. रविवार होता. यांनी डोळे उघडून मला विचारले, “विभा, आणलीस का?”

बाटली माझ्या पिशवीत होती. पेलाही होता.

“काय आणायचं होतं?” मी म्हटले.

हे माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “काही नाही.” मंगळवारी हे गेले.

तीन वर्षे मी मनात भाऊजींना दोष दिला. त्यांच्या पत्रांना उत्तरे दिली नाहीत. वास्तविक ते मला काहीच बोलले नव्हते. लाज माझी होती.

ती बाटली मी गेल्या रविवारी उघडली. आधी मध, मागून वाळवलेले जर्दाळू, मग केशर खललेले दूध, आणि अगदी शेवटी विहिरीच्या कातळासारखे थंड काहीतरी. मी ते मोठ्याने बोलले. इतकी चांगली वाइन हे असताना कधीच आली नव्हती. ऐकायला कोणी नव्हते. मी फोन उचलला आणि सांगलीला लावला.

“भाऊजी, हे त्या दिवशी वाइन मागत होते. पिशवीत होती. तुमच्यासमोर मी खोटं बोलले.”

फोन ठेवतील असे वाटले.

“वहिनी, दादाला तर चव कळत नव्हती ना?”

“त्यांच्यासाठी मी घ्यायचे. आणि सांगायचे. ती बाटली मी आज उघडली.”

“आज उघडलीत म्हणता. कशी आहे?”

मी सांगू लागले. मध्येच ते म्हणाले, “थांबा, आत टीव्ही चालू आहे, बंद करून येतो.” आले, आणि म्हणाले, “हं, जर्दाळूपर्यंत आला होतात.”

६. बाटलीत अजून निम्मी आहे. ती मी कोणालाही ठेवत नाही.

साक्षीदारांची इथल्या कायद्याला गरज नाही. मला आहे. दोघींनी माझ्यासमोर आणि एकमेकींसमोर सह्या केल्या.

सही: विभावरी गुरुदत्त सबनीस

साक्षीदार:
१. हेल्गा ब्राउन, शेजारीण (हिला मजकूर मी जर्मनमध्ये सांगितला. ‘मोरावळा’ सांगता आला नाही.)
२. शिवांगी नाडगौडा, संशोधक विद्यार्थिनी, वरचा मजला

एर्लांगेन, बुधवार, ११ नोव्हेंबर २००९