भोंगा न झालेली सकाळ

२ ऑगस्ट १९६५

...बासष्ट सालच्या त्या सकाळी चूल सारवून झाली होती. तांदूळ निवडले, विनीताच्या वेणीला रिबन बांधली, सासूबाईंच्या अंघोळीचं पाणी विसणलं. मग यांचा डबा भरला — पोळ्या, वांग्याची भाजी. लोणचं दिलं नाही. मी सोवळ्यात नव्हते आणि बरणीला हात लावला असता तर सासूबाई दिवसभर बोलल्या असत्या. हे लोणच्याशिवाय गेले. दुपारी यांच्या तोफांच्या कारखान्यातून माणूस आला.

चीनच्या लढाईचा ओव्हरटाइम चालू होता तेव्हा. कामावर यांची छाती आणि पाठ भाजली. पाचव्या दिवशी हे गेले. डॉक्टर म्हणाले, किडनी बंद पडली. मी विचारलं, भाजली पाठ, मग किडनी काहून? "ये समझ के आप क्या करेंगी?" रागावून नाही म्हणाले. दमले होते.

तेवढ्यासाठी विनीताचं — माझ्या नणंदेचं — शाळेचं विज्ञान वाचायला घेतलं. मग वाचनालयातली पुस्तकं. मग डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी. उत्तर मिळालं एक दिवस. भाजल्यावर अंगातलं पाणी निघून जातं, रक्त दाट होतं, किडनीला पुरत नाही. दोन ओळी. वाचल्या, पुस्तक मिटलं आणि कणीक मळायला बसले. बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. पण वाचणं काही थांबलं नाही.

९ ऑगस्ट

लग्नाआधीचं मॅट्रिक होतं, त्यावर बत्तीस वर्षांची बाई प्री-मेडिकलच्या वर्गात. मुलं मला माताजी म्हणतात. लतिका — माझ्या बाकावरची, सतरा वर्षांची — दीदी म्हणते, म्हणून तिच्याशी बोलते.

वार्षिक लेखी परीक्षेत सगळ्या विषयांत पास झाले. जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये बेडूक समोर आला आणि हात गार पडले. चिमटा धरून नुसती उभी राहिले. नापास. आता सप्टेंबरात पुरवणी परीक्षा. ती झाली तरच मेडिकल कॉलेजात अर्ज. नाही झाली तर सगळं वर्ष पुन्हा.

१३ ऑगस्ट

लतिकाच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला मदन महालला गेले. मागच्या पडवीत दोघींनी बेडूक फाडला. तिची आई दाराआडून म्हणाली, "क्या ज़माना आ गया." या वेळी हात थांबला नाही. हृदय अजून हलत होतं.

घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. तरी सासूबाईंनी पान सरकवलं. "त्या हातानं मला वाढू नको." म्हटलं, अंघोळ केली आई. "अंघोळीनं काय होतं?" विनीतानं वाढलं.

बरोबर आहे त्यांचं. माझंही बरोबर आहे. काय करायचं मग!

२१ ऑगस्ट

भाऊजींनी पुन्हा विषय काढला. भाऊराव — माझे धाकटे दीर, त्याच कारखान्यात फिटर.

"वहिनी, दादाच्या जागी घरातलं एक नाव घेऊन राहिले कारखानेवाले. स्टोअरमध्ये बसून चिठ्ठ्या लिहायच्या. सावलीतलं काम. काहून अडून राहिल्या तुम्ही? डॉक्टर होईपर्यंत चाळिशी येईल."

म्हटलं, चाळिशी तशीही येईल.

"हां, पण पगारासकट येईल." हसले. मीही हसले. वाईट माणूस नाही. एकटा किती जणांचं ओढणार? मी सप्टेंबरपर्यंत थांबा म्हटलं.

६ सप्टेंबर

लाहोरकडे लढाई पेटली. आमच्या घमापुरात दुकानं लवकर बंद. खिडक्यांना काळे कागद लावले.

१० सप्टेंबर

भाऊजी दोन-दोन पाळ्या करतात, तिथेच झोपतात. घड्याळाला किल्ली तेच देतात, त्यामुळे घड्याळ बंद पडलं आहे. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. कारखान्याचा भोंगा आहे ना. पहाटेच्या भोंग्याला दूध, दुसऱ्याला डबा, तिसऱ्याला मुलं शाळेत — सगळी वस्ती अशीच चालते.

लतिकाकडे आणखी चार बेडूक झाले. हात आता माझं ऐकतो. मंगळवारी सकाळी परीक्षा. तिसऱ्या भोंग्याला निघाले तर आरामात पोचते.

१४ सप्टेंबर

भोंगा झालाच नाही.

१५ सप्टेंबर

काल पुढे लिहवेना.

उठले तेव्हा पहाटच वाटली. आभाळ भरलेलं, ऊन नाही. अंघोळ करून, पांढरा कोट घडी करून पिशवीत घालून तयार बसले. भोंगा नाही. वाटलं, आज लवकर जाग आली. आकृत्या चाळल्या. सासूबाईंसाठी भाजी चिरली. गल्लीत शेजारची पोरं अजून दात घासत होती. तेवढ्यात पोस्टमन आला. एवढ्या सकाळी काहून, भैया? "सबेरे? बाई, ग्यारह बज रहे हैं."

धावले. रिक्षा मिळेना, अर्धा रस्ता पायी. पोचले तेव्हा मुलं ट्रे धूत होती. परीक्षक बाहेरगावचे, चांगले गृहस्थ. "आप अकेली देर से आईं. सबके घर में घड़ी है, आपके नहीं?" आहे म्हटलं. परीक्षेला बसू दिलं नाही.

आदल्या संध्याकाळी हुकूम निघाला होता. हल्ल्याचा सायरन आणि भोंगा लोकांना वेगळा कळणार नाही म्हणून भोंगा बंद. सगळी वस्ती काल उशिरा निघाली. शाळेनं पोरांना माफ केलं.

रात्री भाऊजी आले. "मला वाटलं, तुम्हाला कोणी सांगितलं असेल." खाली बघून म्हणाले. तिथून निरोप धाडता आला असता का, मी विचारलं नाही. खरं तर घड्याळाला किल्ली मीही देऊ शकत होते.

२४ सप्टेंबर

लढाई थांबली. कारखाना थांबला नाही. पुस्तकं पेटीत घातली.

२७ सप्टेंबर

भाऊजी म्हणाले, उद्या साहेब भेटणार, चला. बरं म्हटलं. सासूबाईंनी आज माझ्या हातचं वाढून घेतलं.

भांडी घासताना विनीता म्हणाली, "वहिनी, चिठ्ठ्या तर मीही लिहीन. अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे माझं."

"तुला कारखान्यात कोण जाऊ देणार?"

"मग काय करू? मॅट्रिक होऊन घरी बसले. महिन्याला एक पाहुणा येऊन पोहे खाऊन जातो. मला नाही आता पोहे करायचे." गमतीनं म्हणाली, पण घासायची थांबली होती.

कॉलेजात नापासांना महिनाअखेरपर्यंत पुन्हा नाव घालता येतं. सगळं वर्ष पुन्हा, तेच बाक, माताजी. आणि पुढे मेडिकलला कोणी घेईलच असं नाही. घेतील असं मला तर आता वाटतही नाही.

२८ सप्टेंबर

सकाळी भाऊजींबरोबर कारखान्यात गेले. साहेबांसमोर माझा हक्क सोडून दिला, विनीताचं नाव घातलं आणि सही केली. तिथून चालत कॉलेजात गेले, माझं नाव पुन्हा घातलं आणि वर्गात जाऊन बसले.