अनारशाची बिअर आणि माझं नाक

६ मे, बुधवार

ताप उतरून बारा दिवस झाले. अशक्तपणा गेला, खोकला गेला, वास मात्र परत आलेला नाही. सकाळी हिंगाची डबी नाकाला लावली. काही नाही. चिडून फिनाईलची बाटली उघडली. तरी काही नाही.

यांना सांगितलं नाही. उगाच दोघांनी मिळून काळजी करायची.

धोंड्याचा महिना अकरा दिवसांवर आलाय. तीन वर्षांनी एकदा येतो आणि अख्ख्या लातूरला एकदम आठवतं की जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. सव्वीस घरांना अनारसे करून द्यायला हो म्हणून बसलेय. आज तांदूळ भिजत घातले.

९ मे, शनिवार

तांदूळ गेले. सगळेच्या सगळे.

तीन दिवस पाणी बदलत राहायचं. पण या उन्हात कधी बदलायचं ते घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. वीस वर्षं नाकावरच चाललंय, घड्याळ बघायची सवयच नाही. गंगाबाई मदतीला येते, ती दारातूनच म्हणाली, "ताई, वास मारलालाय की." म्हटलं, नळाचं पाणी खराब आलंय. चक्क थाप मारली.

नवे तांदूळ भिजवले. आता दर पाण्याला तिलाच विचारते, "तुला कसं वाटतंय गं?" बाई खुशीत आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचं मत विचारलं मी.

१३ मे, बुधवार

डॉक्टरकडे जाऊन आले. यांना सांगितलं, बँकेत जाते. डॉक्टर म्हणाले, येईल, कधी ते सांगता येत नाही. रोज सकाळी लवंग, लिंबू, वेलदोडा हुंगायचा, मनात त्याचा वास आठवत. अजिबात न येणारीही माणसं असतात का, हे विचारायचं राहिलं. तेवढंच विचारायला गेले होते.

पिठाचा गोळा जमला. गंगाबाईनं पास केला.

२४ मे, रविवार

सुषी आणि जावई अभिजितराव आले पुण्याहून. उद्या इथून भोकरला, त्यांच्या घरी. धोंडे, पुरणाचं जेवण, ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, सगळं रीतसर. अनारशाला जाळी छान पडली होती. सगळे म्हणाले, काय वास सुटलाय. मीही मान डोलावली.

जेवण झाल्यावर अभिजितराव स्वयंपाकघरात आले. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं साडी. निघाल्या दोन काळ्या बाटल्या. ते बिअर बनवायच्या कारखान्यात आहेत, हे आम्हाला माहीत आहे. भोकरला अजून नुसतं "कंपनीत" एवढंच माहीत आहे.

"मामी, ही तुमच्या अनारशावरून केलीय." सासूला मामीच म्हणतात ते.

स्टाउट म्हणतात म्हणे तिला. करपायला येईपर्यंत भाजलेल्या जवाची काळी बिअर. त्यात अभिजितरावांनी तांदूळ, गूळ आणि भाजलेली खसखस घातली. पुण्यात लोक गुलाबजामची, चॉकलेट केकची अशी पितात, मग अनारशाची का नको, असं त्यांचं म्हणणं. हे तर ठीकच. पुढचं मात्र असं. "साहेबांना सांगून आलोय, मामींनी वास घेऊन हो म्हटलं तरच बाजारात आणायची. न्हाई तर न्हाई." वर्षभर खपलाय पोरगा त्यात. तोंडावरून दिसत होतं.

सांगणार होते. तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते असं, "धोंड्याचा महिना आहे हो, आता कसं."

"हाव मामी, ते ध्यानातच न्हाई आलं." कान पकडले बिचाऱ्यानं. महिना संपल्यावर फोनवर बोलायचं ठरलं. सुटले एकदाची. स्वतःची लाजही वाटली.

३ जून, बुधवार

लवंग नाही. लिंबू नाही. वेलदोडा नाही.

फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे ठेवलेल्या बाटल्या यांना सापडल्या. "हे काय लपवलालीस गं? कोला हाय का?" सांगितलं. मग हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. "जावयाला सासूनं वाण द्यायचं, अन् सासूला जावयानं दारू." संध्याकाळपर्यंत हेच चालू. शेवटी शेजारी ऐकतील म्हणून मीच रागावले.

८ जून, सोमवार

आज सांगितलं यांना. कसं कोण जाणे. दूध उतू जाऊन गॅसवर जळलं, मी त्याच खोलीत पाठमोरी बसून लवंग हुंगत होते. हे आले, गॅस बंद केला, काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यानंच धीर सुटला माझा. म्हटलं, मला वास येत नाही हो. तापापासून.

"म्हाईत हाय."

गेला महिनाभर दूध तापवायच्या आधी हेच हुंगून बघत होते. भाजी शिळी आहे का तेही. मला वाटत होतं निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात लुडबुड वाढलीय, म्हणून दोनदा बोललेही होते. "तू सांगशील तवा सांगशील म्हटलं." रडले मी. खूप दिवसांनी हलकं वाटतंय. नाक तसंच आहे, तरीही.

१६ जून, मंगळवार

महिना काल संपला. सव्वीसही घरी अनारसे गेले, एकाचीही तक्रार नाही. गंगाबाईला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला वाटलं आता मलाच मुकादम केलंय." जरा हिरमुसली.

दुपारी चारला अभिजितराव मोबाइलवर, तोंड दिसत होतं. बाटली वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवायला लावली होती, गार असली की वास दबतो म्हणे. स्टीलच्या पेल्यात ओतली. चहाच्या रंगाचा फेस. यांनी खुर्ची ओढून जवळ घेतली, जणू माझं ऑपरेशन आहे.

पहिला घोट कडू. नुसता कडू, जिभेवर जाड. वास शून्य. आयुष्यात पहिल्यांदा दारू प्यायले आणि तीही मुकी. आता सांगून टाकायचं, असं ठरवून दुसरा घोट तोंडात धरून बसले. शब्द जुळवत होते. गिळला, आणि नाकाच्या मागच्या बाजूनं काहीतरी वर आलं. कुठलं तरी ओळखीचं. तिसरा घेतला. परत आलं.

"करपलाय," मी म्हटलं.

अभिजितरावांचा चेहरा पडला. "काय करपलंय मामी?"

"गूळ. कढईच्या बुडाला लागलेला गूळ."

आणि मला रडू फुटलं. समोर ते बापडे "सॉरी मामी, पुढच्या वेळी कमी भाजू" म्हणत होते, मागून सुषी "आई, एवढं वाईट आहे का?" आणि मी हसतेय का रडतेय ते मलाच कळेना. शेवटी यांनी मोबाइल हातात घेतला. "अहो, तिला वास आलाय. पावणेदोन महिन्यांनी." मग सगळं सांगितलं त्यांना. पहिल्यापासून, धोंड्याच्या सबबीसकट.

अभिजितरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मामी, तो जवाचा वास हाय. तसाच यायला पायजे." आणि चष्मा काढून पुसला.

पेला संपवला मी. उरलेली बाटली यांनी. सासऱ्याला कोणी विचारलं नव्हतं तरी.

१७ जून, बुधवार

लवंग. अगदी पुसट, पण लवंग. लिंबू नाही. वेलदोडा नाही.

अकराला अभिजितरावांचा फोन. इकडचं तिकडचं झालं. मग हळूच, "मामी, खसखस लागली का?"

नव्हती लागली. आठवून आठवून पाहिलं. करपलेला गूळ होता, मागे तांदळाच्या पेजेसारखं काहीतरी होतं, खसखस नव्हती. पण बिअरमध्येच कमी पडली की माझ्या नाकाला अजून पोचत नाही, हे कसं सांगू? खोटं हो म्हणवत नाही आता. एकदा लपवून तांदूळ आणि झोप दोन्ही घालवून बसलेय.

"मग हो का न्हाई? साहेब विचारून राहिलेत."

म्हटलं, "निम्मं हो."

"निम्म्यावर साहेब ऐकणार न्हाईत मामी."

"मग सांगा साहेबांना, सासूचं नाकच निम्मं आलंय. बाकीचं आलं की बाकीचं कळवते."