हिरव्या दोऱ्याची पिशवी

पुणे, ९ डिसेंबर २०२४

ती. स्व. शिवम्माकाकूंस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि काका अर्धाच निरोप देतात, म्हणून पत्र. यंदा वेळा अमावस्येला, आपल्या येळवशीला, जळकोटला यायला सुट्टी नाही. आंबील आठवून जीव कासावीस होतो.

पावसाळ्याच्या तोंडाला मी आपल्या टोमॅटोच्या वावरात जाळीच्या पिशव्या पुरल्या, आठवतं ना? लाल दोऱ्यानं शिवलेल्या पिशव्यांत एका कंपनीचा मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरतात तो प्लास्टिकसारखा कागद, आहे, हिरव्या दोऱ्याच्या पिशव्यांत दुसरीचा. दोन्ही कंपन्या म्हणतात, आमचा कागद चार महिन्यांत मातीत विरतो. आमच्या ऑफिसच्या समितीत नवा नियम शिजतोय: आपल्या काळ्या मातीत विरून दाखवा, मगच पाकिटावर तसं छापा. काहींना परदेशातला दाखला पुरेसा वाटतो. त्यांना दाखवायला माझ्याकडं फक्त या पिशव्या आहेत. संक्रांतीला येऊन मी काढीन. तोवर कुणी हात लावू नये, काकांनी तर मुळीच नाही. त्यांचं कुदळीवरचं प्रेम मला ठाऊक आहे.

लोभ आहेच, तो वाढता ठेवा.
तुमची अर्पिता

जळकोट, १ जानेवारी २०२५

चि. अर्पिता हिस,
अनेक आशीर्वाद.

येळवस थाटात झाली. वावरात कडब्याची कोप उभारली, जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. काकांनी तिघांचं जेवण एकट्यानं उरकलं आणि कोपीतच घोरले.

आता रागावू नकोस. तुझ्या पिशव्या मी काढल्या. काकांनी नव्हे, मी. येळवशीला काळी आई पोटुशी असते. तिची ओटी भरायची आणि तिच्याच पोटात प्लास्टिक ठेवायचं, हे मला बघवेना. विळ्यानं शिवणी उसवल्या. लाल दोऱ्याचे कागद धडधाकट निघाले. साबणानं धुतले, वाळवले, घड्या घालून उंड्यांच्या डब्याबरोबर पाठवत आहे. पण हिरव्या दोऱ्याच्या पिशव्यांत मातीशिवाय काहीच नव्हतं. चाळून पाहिली. काका म्हणतात, उंदरानं नेला असंल, लई माजलेत. पोरी, परक्याची वस्तू माझ्या हातून हरवली. तुझी नोकरी तर जाणार नाही ना? घास उतरत नाही मला.

काकूवरची माया आटू देऊ नकोस.
शिवम्मा

पुणे, २८ जानेवारी २०२५

ती. स्व. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

बैठकीच्या तयारीत संक्रांतीला येणं झालं नाही, उत्तरालाही उशीर झाला. पत्र वाचून आधी रडू आलं, मग इतकी हसले की ऑफिसातले बघायला लागले. काकू, शिवण तुम्हीच उसवलीत, मग बंद पिशवीत उंदीर शिरला कुठून? हिरव्या दोऱ्याचा कागद हरवला नाही, मातीत गेला. तो जायलाच हवा होता! आणि ज्याला साबण लावून घडी घालता येते, तो विरला कसला?

किती विरला ते वजनावरून ठरतं, आणि धुतलेल्या कागदाचं वजन धरता येत नाही म्हणून साहेबांनी मला चांगलंच झापलं. पण कालच्या बैठकीत मी तुमची घडी टेबलावर उलगडली. साबणाचा वास अजून होता. परदेशी दाखलेवाल्यांनी तो कागद ताणून पाहिला, फाटला नाही. मसुद्यात नियम राहिला! मी इतकी खूश आहे की काय सांगू. यंदा पुन्हा पिशव्या पुरून नीट मोजायचं ठरलंय, आणि आपल्या वावरातून त्या काढायचा दिवस मी लिहून दिलाय: येळवशीचा आदला. मी स्वतः येणार.

काकांना नमस्कार, उंदरांना दिलासा. लेकीवर लोभ असू द्या.
अर्पिता

जळकोट, ४ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पिता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकांनी साऱ्या गल्लीला वाचून दाखवलं. घडी आपण घातली, असंही सांगून आले. खोटारडा माणूस!

एक सांगायचं राहिलं. हिरव्या दोऱ्याच्या पिशवीतली माती मला फेकवेना. कोपीत पाच पांडव म्हणून मांडलेल्या खड्यांपुढं ठेवून तिला हळदीकुंकू वाहिलं होतं. तुझा कागद हरवला म्हणून मी रडत होते, आणि माझ्याच हातानं त्याची पूजा झाली होती.

लवकर ये. लोभ आहेच.
शिवम्मा