संग्रहालयातून अनवाणी

अल हैल, मस्कत
ऑक्टोबर (नावालाच, इथे अजून वैशाख चालू आहे)

ती. दयानंदराव यांस,

चंद्रशेखरचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच घातला असं समजावं.) तुमची शुगर आणि उत्तराताईंचे गुडघे ताब्यात असतील अशी आशा करतो. शैला ठणठणीत आहे. ती आपल्या बहिणीला फोनवर सगळं तिखटमीठ लावून सांगेलच, पण त्याआधी घडलेला अन्याय माझ्याकडून ऐका. सलीलच्या ऑफिसातले एकजण पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो आहे.

तर गेल्या शनिवारी आमच्या चिरंजीवांना वाटलं, आईबाबा महिनाभर गॅलरीत बसून समुद्र बघताहेत, त्यांना जरा संस्कृती दाखवावी. इथल्या एका संग्रहालयात परदेशातून जुन्या रोमन वस्तू आणून मांडल्या आहेत. (पूर्वी इथला लोबान थेट रोमपर्यंत जायचा म्हणे. चांगलं आहे. आमच्याकडून मिरी जायची, त्याचं कोणी नाव घेत नाही.) सलील आम्हाला दारात सोडून बौशरला कामाला गेला. आत डोकी नसलेले पुतळे, पुतळे नसलेली डोकी, फुटके रांजण. मी एकेक पाटी वाचत होतो आणि शैला प्रत्येक भांड्यापुढे उभी राहून यात काय शिजवत असतील याचा विचार करत होती. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

पुढच्या दालनाच्या दारातून बघतो तो काय, जमिनीवर रंगीत खड्यांनी घडवलेली अख्खी फरशी! द्राक्षांचे वेल, मधोमध दोन मोर, चहूबाजूंनी जाड गालिचा. शैला म्हणाली, "अगंबाई, केवढी रांगोळी!" आणि आम्ही दोघांनी दाराशी चपला काढल्या. आता सांगा, आपल्यापैकी कोण पायताणं घालून तिथे गेलं असतं? कोणी सांगावं लागतं का? आमच्या मागून एक केरळचं कुटुंब आलं, त्यांनी आमच्या चपला बघून आपल्या काढल्या. मग एक ओमानी आजोबा नातवंडांसह आले, त्यांनीही काढल्या. पंधरा मिनिटांत दाराशी तीस-पस्तीस जोड झाले. पहारेकऱ्याला वाटलं वरून नवा हुकूम आला असणार. त्याने एका गोऱ्या जोडप्याला अडवून बुटांच्या नाड्या सोडायला लावल्या. (हे मी त्याला सांगितलं नव्हतं. शैलाच्या सांगण्यावर जाऊ नका.)

दालनाच्या शेवटी काचेच्या पेटीत काय होतं ठाऊक आहे? चप्पल! एकच. डाव्या पायाची, अंगठा तुटलेली, वाळून खारकेसारखी झालेली. तिला गार हवेचं यंत्र, वरून दिवा, हात लावला तर भोंगा, आणि शेजारी एक स्वतंत्र माणूस खुर्ची टाकून. मी दोन मिनिटं कौतुकाने बघितलं आणि बाहेर आलो, तर माझ्या चपला गायब!

माझ्या म्हणजे त्या कोल्हापुरी हो. पायात घातल्यात हे विसरायला होतं इतक्या मऊ. त्यांच्या जागी तशाच दिसणाऱ्या, पण टाच झिजलेल्या दुसऱ्या चपला उरलेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या एका चपलेला पहारा, आणि जिवंत माणसाच्या दोन चपलांना वाली नाही? मी साहेबांना बोलवायला लावलं. साहेब आले, गोड हसले आणि म्हणाले, इथे चपला काढायचा नियमच नाही. मग हे पस्तीस जोड काय हवा खायला बसलेत? माझ्या चपला आजच्या आज मिळाल्या पाहिजेत, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. ते म्हणाले, इन्शाल्ला. मी दोन पानी तक्रार दिली, फोन नंबरासह. तिच्यावरही इन्शाल्ला.

पहारेकरी म्हणाला, त्या उरलेल्या घालून जा. मी साफ नकार दिला. दुसऱ्याच्या चपलेत पाय घालणं आमच्या रक्तात नाही, असं मी त्याला हिंदीत दोनदा ऐकवलं. आणि भर दुपारी तापलेल्या डांबरावरून, न्यायला आलेल्या सलीलच्या गाडीपर्यंत अनवाणी गेलो. जाताना कसा दिसत होतो हे शैलाने अझैबातल्या तिच्या भिशीत नाचून दाखवलं, असं कानावर आलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक वयस्कर गृहस्थ. हुसैनमियाँ, मूळचे रत्नागिरीकडचे, तीस वर्षं इथे लाकडाच्या वखारीत. हातात माझ्या चपला, कागदात गुंडाळून, आणि हलव्याचा डबा. संग्रहालयातून नंबर मिळवून शोधत आले होते. म्हणाले, "माफ करा हां भावसाब, नजर कमी झालीय. घरी जाऊन बगतो तर दुसऱ्याच्या! रातभर डोल्याला डोला नाय लागला." दयानंदराव, मी त्यांना सोडलं नाही. चांगला अर्धा तास सुनावलं. नजर कमी असेल, पण पायाला कळत नाही का? दुसरं पाऊल टाकताच कळायला हवं! ते बिचारे मान खाली घालून ऐकत होते. हलवा मात्र उत्तम होता.

असो. उत्तराताईंना नमस्कार.

आपला साडू,
चंद्रशेखर

ता. क. (इथून पुढे मनात वाचा. उत्तराताई जवळ असतील तर चष्मा सापडत नाही म्हणा.) पायाला कळतं. तुमच्या वास्तुशांतीहून निघताना जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर मला कळलं होतं. पण खाली रिक्षा थांबली होती, आणि काय सांगू, फारच मऊ होत्या हो. नंतर घरच्या ग्रुपवर तुम्ही तीनदा विचारलंत, कोणाच्या पायात गेल्या म्हणून. त्यावर हळहळीचा पहिला निरोप माझाच होता. मला लाज वाटते. त्या म्हाताऱ्याला एक रात्र झोप लागली नाही. मी सात महिने गाढ झोपतो आहे.

ता. क. २ : खरं काम असं. निघताना हुसैनमियाँनी विचारलं, अशा चपला कुठे मिळतात? शैला चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी. मी म्हटलं, कोल्हापूर. तिने विचारलं, तुम्ही कधी गेला होतात कोल्हापूरला? तेव्हापासून ती रोज विचारते आहे. कृपा करून कारागिराचं नाव-पत्ता उलट निरोपाने फक्त माझ्या फोनवर कळवा. दोन जोड मागवतो, एक हुसैनमियाँना आणि एक तुम्हाला. तुमचा नंबर विचारत नाही. मला नेमका बसतो.