तीन रिसॉर्ट, बेचाळीस मुद्दे

८ मार्च, रविवार

मोनाला पुण्यात नोकरी लागली. पंधरा जूनला जॉइनिंग. विनता आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, पोरगी जायच्या आधी चौघं मिळून कुठंतरी जाऊ. एकदा तरी. आणि भेडाघाट नको, तिथं आपण पाहुण्यांना दाखवायला जातो.

बंटी ओरडला, जादूनगरी! पुण्याच्या अलीकडे घाटाखाली थीम पार्क आहे म्हणे. मोठमोठे झुले, पाण्याच्या घसरगुंड्या. पोरगं दहावीत गेलं, पण अक्कल तिसरीतली.

मी मंजुरी दिली. घरात टाळ्या.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन. वीरेंद्र, विनताचा धाकटा भाऊ. इथंच जबलपुरात, अधारतालला एसी रिपेअरिंगचं दुकान. मागच्या वर्षी सहकुटुंब जाऊन आला. म्हणाला, जीजाजी, लेकसम्राट रिसॉर्टमध्ये उतरा, आँख बंद करके.

डोळे बंद करून मी आजवर काहीही केलेलं नाही. सत्तावीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. माझ्या सहीशिवाय साधा बोल्ट पुढं सरकत नाही.

पार्कजवळ तीन फॅमिली रिसॉर्ट आहेत: गोल्डन जिराफ, सप्तरंग आणि वीरेंद्रवालं. तिन्ही तपासणार. निकाल पंधरा दिवसांत.

१० मार्च, मंगळवार

फॉर्म तयार केला. बेचाळीस मुद्दे. गेटपासून अंतर, गाद्यांची जाडी, नाश्त्याला पोहे आहेत की नुसता ब्रेड, स्विमिंग पूलची खोली, वरच्या मजल्यावर पाण्याचा जोर, डास. मोनानं वाचलं. म्हणाली, पापा, तीन दिन तो रुकना है. मी म्हणालो, बोल्ट पण एकच असतो, पण तोच निखळतो.

तिला पटलं असावं. फॉर्म टेबलावर ठेवून आत गेली.

१९ मार्च, गुरुवार

गोल्डन जिराफच्या रिसेप्शनवर राखी नावाची मुलगी आहे. वेबसाइटवर लिहिलंय, पार्कपासून वॉकिंग डिस्टन्स. मी विचारलं, किती पावलं? ती म्हणाली, सर, पास में ही है. पास में हे माप नाही. मी तिला मोजायला लावलं. दुपारी फोन करून तिनं सांगितलं, चारशे बारा. मी विचारलं, तुमची उंची किती? कारण पाऊल उंचीवर असतं. तिनं फोन होल्डवर टाकला.

सप्तरंगवाले फोनच उचलत नाहीत. एक मार्क कापला.

२२ मार्च, रविवार

पंधरा दिवस झाले. मुदतवाढ दिली.

३ एप्रिल, शुक्रवार

विनता म्हणाली, सुट्ट्यांची गर्दी सुरू होईल, कोणतं तरी एक बुक करून टाका ना. काहून एवढं ताणून राहिले? मी म्हणालो, कोणतं तरी एक करून आपलं लग्न झालं नाही, तुझ्या वडिलांनी चार ठिकाणी चौकशी केली होती. ती म्हणाली, म्हणूनच म्हणते, चौकशीचा काही उपयोग होत नसतो.

या घरात पद्धतशीर काम करणारा मी एकटा आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. मिरवणुकीत वीरेंद्र भेटला. निळा फेटा, हातात सरबताचा ग्लास. म्हणाला, जीजाजी, गाडीचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, भरून जाईल. दहा जूनची तिकिटं काढून टाकू का चौघांची? मी म्हणालो, रिसॉर्ट ठरल्याशिवाय तारीख ठरत नाही आणि तारीख ठरल्याशिवाय तिकीट निघत नाही, हा साधा क्रम आहे. तो म्हणाला, अच्छा. आणि सरबत देऊन गेला. ‘अच्छा’ म्हणताना त्याचा चेहरा मला आवडला नाही.

२९ एप्रिल, बुधवार

राखीचा फोन. स्वतःहून. म्हणाली, सर, जून के लिए दो ही फॅमिली रूम बचे हैं, आप कब बुक करेंगे? मी स्पष्ट सांगितलं की दबावाखाली मी निर्णय घेत नसतो. मोठमोठे सप्लायर माझ्यासमोर हात जोडून उभे राहिलेत.

१ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. खीर झाली. घरात शांतता. पण बंटी शांत नाही. त्याच्या दोस्तानं, सचिननं, जादूनगरीचा व्हिडिओ पाठवलाय, तो दिवसभर लावून राहिला.

संध्याकाळी राखी फोनवर म्हणाली, दोन्ही खोल्या गेल्या. गोल्डन जिराफ स्पर्धेतून बाद. ज्यांना थोडी वाट पाहता येत नाही ते पाहुण्यांची काय सेवा करणार?

४ मे, सोमवार

मोठा निर्णय. फोटोंवर भरवसा ठेवायचा नाही. प्रत्यक्ष पाहणी. चार दिवस ईएल, म्हणजे हक्काची रजा टाकली. बुधवारी निघतो, एकट्याचं तिकीट सहज मिळालं. बाद झालेलं जिराफही पाहणार, रेकॉर्डसाठी.

विनताला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, म्हणजे तुम्ही तिथं जाणार? मग आम्हीच येतो ना सोबत, झाली की ट्रिप! मी समजावलं की इन्स्पेक्शनला पार्टी सोबत नेत नसतात. निकालावर परिणाम होतो.

मोना फोनमध्ये पाहत होती. म्हणाली, जाने दो मम्मी.

तिनं मला समजून घेतलं. पोरी बापावर जातात.

७ मे, गुरुवार. जादूनगरी.

पोचलो. तटस्थ राहावं म्हणून वीरेंद्रच्याच लेकसम्राटमध्ये उतरलो.

गोल्डन जिराफ: दारातल्या सिमेंटच्या जिराफाची मान वेल्डिंग करून बसवलीय. वेल्डिंग कच्चं. गेटपर्यंत माझी तीनशे अठ्ठ्याऐंशी पावलं. राखी समोरच होती. बुटकी आहे, त्यामुळे तिचे चारशे बारा मान्य. मी ओळख दिली. ती उभीच राहिली. म्हणाली, आप वो जबलपुर वाले सर? मग माझ्या मागं पाहिलं. फॅमिली कहाँ है सर?

मी म्हणालो, मागून येते आहे.

असं म्हणायची गरज नव्हती. पण तोंडून गेलं.

सप्तरंग: पूलचं पाणी हिरवं. विचारलं तर म्हणाले, टाइल्स हिरव्या आहेत. टाइल्स पांढऱ्या आहेत, मी हात घालून पाहिल्या.

लेकसम्राट: तळं खरंच आहे. पोहे गरम, वर शेव. पाण्याचा जोर उत्तम. बेचाळीसपैकी अडतीस. मेहुण्याच्या शिफारशीबद्दल वजा सहा. बत्तीस.

८ मे, शुक्रवार

गेटपासूनचं अंतर मोजायचं तर गेटच्या आतल्या बाजूनंही मोजावं लागतं, नाहीतर माप अर्धवट राहतं. म्हणून तिकीट काढून आत गेलो.

आत एक मोठी लोखंडी झुकझुक गाडी आहे. वर चढते आणि एकदम खाली येते. मी खाली उभा राहून तिचे सांधे पाहत होतो. एका रांगेत चार जण बसतात. एक कुटुंब होतं, आईबाप आणि एक मुलगी, मोनापेक्षा थोडी लहान. लातूरकडचे. चौथी जागा रिकामी. मुलीनं हाक मारली, काका, या ना, एक सीट आहे.

सांधे वरून जास्त चांगले दिसतात, म्हणून बसलो.

तीनदा बसलो. एका चाचणीवर निष्कर्ष काढता येत नाही.

आमच्या खात्यात आवाज मोजायचं यंत्र आहे. ते असतं तर माझ्या आवाजाची नोंद घेता आली असती.

११ मे, सोमवार

काल परत आलो. आज संध्याकाळी ड्यूटीवरून घरी पोचलो तर तिघं टेबलाशी बसलेले. मध्ये एक फोटो. त्या गाडीवर एक कॅमेरा असतो. खाली उतरल्यावर फोटो विकतात. मी पुरावा म्हणून घेतला होता, विनतानं शर्ट धुवायला काढताना खिशात सापडला.

फोटोत मी दोन्ही हात वर केलेले. तोंड पूर्ण उघडं. चष्मा एका कानावर.

बंटी म्हणाला, पापा, तुम्ही झुल्यात बसले? आमच्याशिवाय? त्याचा आवाज फाटला. वय तसं आहे.

मी म्हणालो, ती प्रत्यक्ष चाचणी होती.

विनता म्हणाली, चोवीस वर्षांत तुम्ही कधी असं हसले नाही. कोण आहेत हे लोक?

मी म्हणालो, लातूरकडचे आहेत, चांगले लोक आहेत. हे सांगायला नको होतं. ती उठून गॅसजवळ गेली. भाजीला फोडणी दिली, नंतर पाहिलं तर मोहरी घालायची राहिली होती.

मोनानं फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाली, मजा आया, पापा?

मी म्हणालो, सांधे मजबूत आहेत.

१२ मे, मंगळवार

तिघांनी माझ्याआधीच जेवून घेतलं. मी ठाम आहे. चूक कोणती? पाहणी केली, निष्कर्ष काढला. आता अंमलबजावणी.

१३ मे, बुधवार

सुट्टीचा अर्ज दिला, नऊ ते पंधरा जून. आमचे सेक्शनचे साहेब तिवारीजी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, खोब्रागडेजी, अभी तो आप घूम के आए हैं. मी सांगितलं, तो दौरा होता. ते म्हणाले, किसका? मी अर्ज पुढं सरकवला. जूनमध्ये मालाचा लॉट जायचा आहे, इन्स्पेक्शनचा एकही माणूस हलणार नाही, असं म्हणाले. अर्ज परत.

माझ्याशिवाय लॉट जात नाही. ही मान्यताच आहे एक प्रकारची.

गाडीचं पाहिलं. दहा जूनला वेटिंग, दोनशेच्या पुढं.

१७ मे, रविवार

विनतानं वीरेंद्रला बोलावलं. मी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं.

तो म्हणाला, दीदी, तिकिटं आहेत. मी एप्रिलमध्येच काढून ठेवली होती, चौघांची, कन्फर्म. लेकसम्राटची खोली पण. जीजाजींना सांगितलं असतं तर त्यांनी कॅन्सल केली असती.

मी आत आलो. विचारलं, माझ्या परवानगीशिवाय? तो उभा राहिला. म्हणाला, चूक झाली, जीजाजी. पण मोनाला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय. तिनं आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

म्हणजे मोनानं मागितलं होतं. मला नाही, त्याला.

कुंड्यांना पुन्हा पाणी घातलं.

१८ मे, सोमवार

अंतिम निकाल जाहीर केला: लेकसम्राट. वजा सहा रद्द केले, फेरतपासणीत ते नियमबाह्य आढळले. निर्णय पूर्णपणे माझा. तिघांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बंटी हसला.

माझं तिकीट मी स्वतः कॅन्सल केलं. ड्यूटी आहे.

२ जून, मंगळवार

तिवारीजींना पुन्हा विचारलं. दोनच दिवस द्या म्हणालो. मी असं कधी बोलत नाही. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, बेटी जा रही है क्या? मी हो म्हणालो. ते म्हणाले, पहले बताना था ना, मई में क्यों गए? लॉटचं वर लिहून गेलंय, आता माझ्याही हातात नाही.

चहा चांगला होता.

१० जून, बुधवार

स्टेशनवर गेलो. मोना ट्रिपवरून परस्पर पुण्याला जाणार, म्हणून तिच्या सगळ्या बॅगा सोबत. घरातून एवढं सामान एकदम निघालं की कपाटाचं दार आपोआप उघडं राहायला लागलं.

गाडी यायला वेळ होता. मी सांगितलं, लेकसम्राटला गरम पाण्याचा नळ डावीकडे आहे, खुणा उलट्या लावल्यात. खिडकीकडचा पलंग घे, पंख्याचा आवाज कमी येतो. पोहे नऊच्या आत संपतात. ती हो हो म्हणत होती. डब्यात चढली. मी खिडकीशी गेलो आणि पुन्हा गरम पाण्याच्या नळाचं सांगितलं. ती म्हणाली, पता है पापा, लेफ्ट. काचेवर हात ठेवला. गाडी हलली तेव्हा मी पूल किती खोल आहे ते सांगत होतो.

दुसरं काहीतरी सांगायचं होतं. पण मुद्दे क्रमानं घेत होतो.

१२ जून, शुक्रवार

विनताचा व्हिडिओ कॉल. मागं तळं. बंटी सगळ्या झुल्यांत दोनदा बसला. विनतानं पण एकदा बसून पाहिलं, डोळे मिटून. मला दाखवायला ती नळाजवळ फोन घेऊन गेली. डावीकडेच होता.

मोना पाण्यात होती, बोलायला आली नाही. ओल्या हातानं फोन धरू नये, बरोबरच आहे.

खिचडी केली. खाली लागली.

१५ जून, सोमवार

विनता आणि बंटी काल परत आले. विनता उन्हानं काळवंडलीय, छान दिसते. तसं सांगितलं. ती म्हणाली, आता सांगताय? पण हसली.

दुपारी कॅन्टीनमध्ये अंबादास आला, पेंट शॉपमधला. त्याची पोरगी पुढच्या वर्षी बारावी करून बाहेर जाणार. त्याला जादूनगरीला जायचंय. म्हणाला, तुमच्याकडे पूर्ण फाइल आहे ऐकलं, तिघांपैकी कोणतं चांगलं? मी म्हणालो, कोणतंही घे. पण आज घे. आणि सगळे मिळून जा.

तो म्हणाला, मग ती फाइल? मी सांगितलं, फाइल गोपनीय आहे.

आज मोनाचा ऑफिसचा पहिला दिवस. सात वाजता फोन करते म्हणाली होती. सव्वासात झाले. पुण्यात नेटवर्कची बोंब असेल. बंटी म्हणाला, तिची खोली आता माझी. मी म्हणालो, बघू, घाई नाही. विनतानं त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

आला. साडेसातला. दोन मिनिटं बोलली. सगळं छान आहे म्हणाली. जेवलीस का विचारलं, हो म्हणाली. काय जेवली ते विचारणार तेवढ्यात तिकडून कोणीतरी तिला हाक मारली. मराठीत, पुणेरी मराठीत. ती म्हणाली, पापा, रखती हूँ.

मी म्हणालो, ठेव, ठेव. माझंही काम पडलंय.