शंतनूने हॉल कॉम्प्युटरात भरला

जे. पी. नगर, बंगळूर
श्रावण, १९९८

ती. सौ. अक्कास,

तुझा धाकटा (पण तुझ्याआधी टक्कल पडलेला) भाऊ श्रीरंग याचा शि. सा. नमस्कार. इकडे सर्व ठीक, म्हणजे पद्मावतीची कंबर आणि माझं डोकं सोडून. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? पुण्यात पाऊस आहे म्हणे. इथे पाऊस नाही, संशयाचं मळभ तेवढं दाटलंय, आणि ते तुझ्या चिरंजीवांमुळे.

शंतनूला इथे नोकरी लागली आणि तो आमच्या वरच्या खोलीत राहायला आला, तेव्हा तू लिहिलं होतंस की गिटार वाजवतो, कटकट झाली तर रागव. अक्का, कटकट होत नाही हीच तर कटकट आहे! ऑफिसातून आला की पोरगा वर जातो, इलेक्ट्रिक गिटारीची वायर कॉम्प्युटरला जोडतो, कानांवर हेडफोन चढवतो आणि वाजवत बसतो. दाराला कान लावला (सहज, जाता जाता) तर मच्छरदाणीत डास अडकावा एवढाच आवाज. फटीतून पाहिलं (तेही सहजच) तर स्वारी डोळे मिटून डोलतेय. शेजारच्या रत्नाबाई वीणा वाजवतात ती अख्ख्या गल्लीला सोसावी लागते, पण बाई सरळ आहे हे तरी कळतं. ज्या वाद्याचा शेजाऱ्यांना त्रास नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

मग टाळ्या सुरू झाल्या. देवघरात एक, जिन्यात एक, हॉलच्या चारी कोपऱ्यांत एकेक, आणि प्रत्येक टाळीनंतर कान टवकारून उभा. त्यानंतर मोजायची टेप आणली आणि हॉल लांबीरुंदीला मोजला. आता समोरचं घर पाडून तिथे फ्लॅट होतायत हे तुला माहीत आहे. पाडायच्या आधी बिल्डरची माणसं अशीच भिंतींवर टकटक करून, टेप लावून गेली होती. आणि अप्पांनी हे घर ठेवलंय तुझ्या-माझ्या दोघांच्या नावावर. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तुझं नाव घेत नाही. फक्त चुकचुकली एवढंच लिहितो.

शनिवारी तो इथल्या शिवाजीनगरला निघाला, तसा मीही कोथिंबिरीच्या निमित्ताने मागोमाग. (जे. पी. नगरातून शिवाजीनगरला कोथिंबीर आणायला कोण जातं, हे पद्मावतीने नंतर विचारलं.) केळ्यांच्या गाडीआडून पाहिलं, तर लग्नाच्या लाउडस्पीकरांची दुरुस्ती करणारा कार्तिक नावाचा एक माणूस आणि आपला शंतनू मिळून एक भलंमोठं काळं खोकं रिक्षात चढवत होते. मी दुसऱ्या रिक्षात बसलो आणि म्हणालो, त्यांच्या मागे घे. अर्धं शहर पालथं घालून रिक्षा थांबली ती आपल्याच फाटकासमोर. पद्मावती दारातच उभी होती आणि माझ्या हातात कोथिंबीर नव्हती.

ते खोकं म्हणजे गिटारीचा स्पीकर. हॉलच्या मधोमध ठेवला, टेप लावून समोर एक माईक उभा केला, दुसरा लांब भिंतीपाशी. मग आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढलं! पंखे बंद, फ्रिज बंद, भिंतीवरचं घड्याळ बंद, पद्मावतीचा कुकर शिट्टी व्हायच्या आत उतरवलेला. कार्तिक मला म्हणतो, "स्वल्प हिंदे, सार." माझ्याच घरात मला मागे सरकायला सांगतो! मी जास्वंदीआड खिडकीपाशी उभा राहिलो. आतून आवाज आला, टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. झालं. स्पीकर रिक्षात घालून कार्तिक चालता झाला.

मी शंतनूला धरलाच. तो म्हणाला, "मामा, त्या टकमध्ये स्पीकरचा आणि हॉलचा सगळा स्वभाव उतरतो. आता मी वरच्या खोलीत गिटार वाजवली, की कॉम्प्युटर ती ह्या हॉलमध्ये, त्या स्पीकरवर वाजल्यासारखी करतो." याला म्हणे इंपल्स रिस्पॉन्स म्हणतात. म्हणजे स्पीकर परत गेला, पण त्याचा आवाज आमच्याकडे राहिला. कायद्यात बसतं का हे? दाजींना विचार. आणि उद्या कोणी म्हणालं, हॉल कॉम्प्युटरात आहेच, मग भिंती कशाला हव्यात, तर मी काय उत्तर देऊ? तुला वाटा हवा असेल तर सरळ माग, पोराच्या हाती टेप देऊन पाठवू नकोस. राग मानू नये. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीरंग

ता. क. – सोबत घर बिल्डरला द्यायचा एक कागद आहे. बिल्डरकडचा त्रिविक्रम तीन-चारदा येऊन गेला, माणूस बरा वाटला. मी सही केली आहे, तू पेन्सिलीची खूण आहे तिथे कर. हे तुला वर लिहायचं राहून गेलं. मनात काही आणू नकोस.

ता. क. २ – पाकीट चिकटवलं होतं, फोडून लिहितोय. आत्ता शंतनूने मला वर बोलावून माईकसमोर आरतीचं एक कडवं म्हणायला लावलं आणि मग हेडफोन दिले. अक्का, पोरगा खोटं बोलत नव्हता. आपलाच हॉल. पण मला वाटलं होतं हॉल म्हणजे पद्मावतीच्या टाळ्या, कुकर, फाटकाची कडी, गणपतीत तू वरच्या पट्टीत घुसतेस ते. त्यातलं काहीच नाही. सगळ्यांना बाहेर काढूनच घेतला होता ना तो. रिकाम्या घरात मी एकटा आरती म्हणत होतो. मला भीती वाटली, खरंच वाटली. तू गणपतीला ये, दाजींना उचलून आण. कागद मी पाकिटातून काढून फाडला आहे. तो सापडला नाही म्हणून माझ्यावर संशय घेऊ नकोस.